गेम खेळणारा विद्यार्थी म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं?

पिंगळा

बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या वर्गातल्या एकाचे दोन विषय राहिले. तो ऑनलाइन गेम खेळतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे कारण शोधायला कुणालाच वेळ लागला नाही. त्याच परीक्षेत आणखीही काही जणांचे विषय राहिलेत, ते गेमच्या वाटेला जात नाहीत. त्यांच्या वेळी मात्र 'पेपर फिरवून काढला होता' यावर एकमत झालं.

मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि मीही खेळतो. माझा दिवस अगदीच रटाळ आहे. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, मग जर्नल पूर्ण करणं, ग्रुप प्रोजेक्टमध्ये जे गायब असतात त्यांच्या वाटचं काम बाकीच्यांनी वाटून घेणं, कपडे, घरी फोन. रात्री वेळ उरला आणि पाचही जण जमले तर दोन मॅच. बहुतेकदा जमत नाहीत. एकाची सबमिशन, दुसऱ्याची पार्टटाइम नोकरी, तिसऱ्याचं नेट गेलेलं. आमच्या ग्रुपवर खेळापेक्षा 'आज कोण कोण आहे' याच मेसेजचा रतीब जास्त.

तरीही 'गेमर' म्हटलं की समोरच्याच्या डोक्यात चित्र तयार असतं. अंधारी खोली, तारवटलेले डोळे, चिडका स्वभाव, अंघोळीचा पत्ता नाही, मित्र नाहीत. आणि तो मुलगाच असतो. हल्ली दुसरंही एक चित्र निघालंय, ते मला पहिल्याइतकंच खुपतं: 'अरे, यात करिअर असतं म्हणे, कोट्यवधी मिळतात!' मी आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळलो असतो तर मला कुणी ऑलिंपिकबद्दल विचारलं नसतं.

ज्यांनी हे कधी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एक प्रसंग. काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा ऑनलाइन खेळ, पाच विरुद्ध पाच. समोरच्यांनी बॉम्ब लावलाय, तो फुटायला ४० सेकंद. आमचे चौघे बाद, एकटा उरलाय. समोर दोघे जिवंत. अशा वेळी बाद झालेले चौघे एकदम गप्प होतात, कारण उरलेल्याला पावलांचा आवाज ऐकू यायला हवा. बॉम्ब निकामी करायला किट असेल तर ५ सेकंद लागतात, नसेल तर १०. याच्याकडे किट आहे. तो बॉम्बला हात लावतो आणि लगेच सोडतो. त्याचा आवाज होतो, समोरच्याला वाटतं हा बसला निकामी करायला, तो बाहेर डोकावतो आणि मरतो. आता एक विरुद्ध एक. हा पुन्हा हात लावतो, पुन्हा सोडतो. दुसरा मात्र शहाणा आहे, हलतच नाही. शेवटी वेळ संपत आल्यावर खरंच निकामी करायला बसावं लागतं आणि तेवढ्यात तो येऊन मारतो.

फेरी गेली. चौघांच्या तोंडून एकच शब्द, 'नाइस ट्राय'. पुढच्या फेरीसाठी कुणाकडे किती पैसे उरलेत (खेळातले!), बंदूक घ्यायची की ही फेरी सोडून पैसे साठवायचे, यावर चर्चा सुरू. आमच्यातला एक जण ग्रुप प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये चकार शब्द बोलत नाही, इथे मात्र पाच जणांचा निर्णय तोच घेतो.

मला म्हणायचंय ते असं: गेमरवरचा हा शिक्का माझ्यासारख्याला फार तर चिडवतो. तो खरा नडतो ज्याची खरोखर घसरगुंडी चालू आहे त्याला. घरच्यांना सांगितलं तर 'तरी सांगत होतो' ऐकावं लागणार आणि खेळणाऱ्यांत सांगितलं तर आपण त्या शिक्क्याला पुरावा दिल्यासारखं होणार. मग तो कुणालाच सांगत नाही.

तुमचे अनुभव लिहा. विरोधी मतही चालेल. 'मोबाईलने पिढी वाया गेली' एवढंच लिहायचं असेल तर त्यासाठी इथे आधीच पुष्कळ धागे आहेत, कृपया तिकडे.

---

तिरकस

पूर्वी याला रिकामटेकडेपणा म्हणत. आता त्यात टीमवर्क, नेतृत्व, संवादकौशल्य सगळं सापडायला लागलंय. चालू द्या.

---

केवडा

धागा आवडला. 'तो मुलगाच असतो' यावर जरा जास्त लिहिते, कारण ते बाहेरच्यांपेक्षा खेळणाऱ्यांच्याच डोक्यात घट्ट बसलंय.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून खेळते. नाव असं घेतलंय की काही कळू नये, आणि माइक बंद. अनोळखी टीममध्ये सगळे मला 'भाऊ' म्हणतात. 'भाऊ कव्हर दे', 'भाऊ मस्त मारलास'. मी टाइप करून उत्तरं देते, सगळं सुरळीत चालतं. एखाद्या वेळी घाईत माइकवर बोलावं लागलं की पहिली तीन सेकंद शांतता. मग 'अरे मुलगी आहे'. त्यानंतर दोनच गोष्टी होतात. एक तर कुणीतरी माझा अंगरक्षक बनून मागेमागे फिरतो आणि माझ्या वाटच्या गोळ्या खातो, किंवा मग हरल्याचं सगळं खापर माझ्यावर आणि तोंडाचा पट्टा सुरू. खेळ तोच, हात तेच, पाच मिनिटांपूर्वी मीच 'मस्त मारलेला भाऊ' होते.

आणि घरी? घरी कुणाला शंकाही येत नाही. माझा भाऊ कॉम्प्युटरसमोर बसला की 'खेळतोय', मी बसले की 'अभ्यास करतेय'. या एका शिक्क्याचा मला आजवर फायदाच झालाय, हे प्रामाणिकपणे नोंदवते. :)

---

मधली_आई

मी दुसऱ्या बाजूची आहे. मुलगा शाळेत, आठवीत. तुमचं लिहिणं पटतंय, पण माझ्या घरातलं दृश्य वेगळं आहे. जेवायला हाक मारली तर 'पाच मिनिटं'. ती पाच मिनिटं चाळीस मिनिटांची असतात. बंद कर म्हटलं तर असा चेहरा की मी त्याचं काहीतरी तोडून टाकलंय. वर हेडफोन लावून किंचाळतो. शेजारच्यांनी एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना?

तुम्ही शहाणे असाल हो. पण आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं? की हा नुसता रमलाय आणि हा अडकलाय?

---

पिंगळा

काकू, आधी त्या पाच मिनिटांबद्दल, कारण तिथेच निम्मी भांडणं होतात.

ऑनलाइन खेळ मध्येच थांबत नाही. खेळ आपल्या कॉम्प्युटरवर नाही, सर्व्हरवर चाललेला असतो आणि तिथे आणखी नऊ जण असतात. रँकच्या मॅचमधून उठून गेलं तर आपले चौघे अडचणीत येतात आणि आपल्यावर काही काळ खेळायची बंदी येते. त्यामुळे 'बंद कर' हा हुकूम तो पाळू शकत नाही असं नाही, पण पाळला तर चार जणांना तोंडघशी पाडतो. आणि मॅच नेमकी कधी संपेल हे त्यालाही माहीत नसतं. आमच्या खेळात आधी १३ फेऱ्या जिंकणारा जिंकतो. एकतर्फी झाली तर वीस-पंचवीस मिनिटांत आटपते, अटीतटीची झाली तर पाऊण तासही जातो.

म्हणून हाक मारताना 'बंद कर' ऐवजी 'ही झाली की नवीन लावू नकोस' म्हणून बघा. आणि स्कोअर विचारा. ११-४ असेल तर लवकर संपणार, ९-९ असेल तर तुम्ही आधी जेवून घ्या. मॅच संपल्यावर त्याने पुढची लावली, तर मात्र ओरडायचा पूर्ण हक्क तुमचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा इथल्या जाणकारांनी द्यावं.

---

मधली_आई

काकू नको. ताई चालेल.

---

शून्यमनस्क

पण टाइमआउट असतो ना काउंटर-स्ट्राइकमध्ये? थांबत नाही हे पूर्ण खरं नाही.

---

पिंगळा

असतो. पण तो संघाचा असतो, मोजकाच मिळतो, आणि चालू फेरी थांबत नाही, पुढची सुरू व्हायच्या आधी लागू होतो. जेवणासाठी टाइमआउट मागितला तर टीम पुढच्या वेळी बोलावणार नाही.

---

हिशेबनीस

ताईंच्या प्रश्नाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतला. मे २०१९ मध्ये ती आवृत्ती मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळणं कधी, किती, कुठे थांबवायचं यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ सगळ्यांच्या पुढे जाऊन बसतो. नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. आणि हे इतकं तीव्र हवं की घर, शिक्षण, नोकरी, नातीगोती यांत ठळक बिघाड दिसावा. साधारणपणे हे १२ महिने तरी चाललेलं असावं लागतं, फारच गंभीर असेल तर कमी काळातही निदान करता येतं.

यात तासांची मर्यादा कुठेही दिलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. रोज तीन तास खेळणारा सुस्थितीत असू शकतो आणि दीड तासवाला अडकलेला असू शकतो. आपण घरी नेमके तासच मोजतो, कारण ते मोजता येतात.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या त्यांच्या पुस्तिकेत याला पक्का आजार म्हणून न घेता 'अजून अभ्यास हवा' या यादीत ठेवलं होतं. जागतिक संघटनेच्या मसुद्यावरही बऱ्याच संशोधकांनी जाहीर हरकत घेतली होती. त्यांची भीती अशी, की सर्वसाधारण खेळणाऱ्यांवरही आजाराचा शिक्का बसेल. धागाकर्त्याचा मुद्दा तोच आहे, थोड्या वेगळ्या वाटेने आलेला.

हिंसक गेम खेळून मुलं हिंसक होतात का, हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहून ठेवतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं हिंसक गेम किती खेळतात आणि पालकांना त्यांची वागणूक किती आक्रमक वाटते, यात त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, मात्र आरडाओरडा आणि ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो. ताईंच्या शेजाऱ्यांना हे पटेल.

---

तिरकस

पूर्वी आईच्या एका कटाक्षात निदान व्हायचं, आता १२ महिने थांबा.

---

निळीशाई

@तिरकस, पूर्वीच्या कटाक्षांचंही ऐका. १८५८-५९ मध्ये पॉल मॉर्फी युरोपातले मोठमोठे बुद्धिबळपटू हरवून अमेरिकेत परतला आणि तिथे बुद्धिबळाचं वेड पसरलं. तेव्हा, १८५९ साली, सायंटिफिक अमेरिकन या मासिकाने बुद्धिबळावरच तोफ डागली होती. मनाची अमूल्य शक्ती वाया जाते, शरीराला काडीचा फायदा नाही, बैठं काम करणाऱ्यांनी तरी याच्या नादी लागू नये, असा एकूण सूर. आज कुणाचा मुलगा तासन्‌तास पटापुढे बसला तर आपण पेढे... बरं, निदान फोटो तरी वाटतो.

---

खडूफळा

मी कॉलेजात शिकवतो. धागाकर्त्याशी बराचसा सहमत, थोडा असहमत. असहमत कुठे ते आधी.

तुम्ही सगळे खेळणाऱ्याच्या स्वभावावर बोलताय, खेळाच्या रचनेवर कुणीच बोलत नाही. रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. ठरावीक आठवड्यांत पूर्ण करायचा पास, आणि तो आधी पैसे भरून घेतलेला. लूट बॉक्स म्हणजे पैसे देऊन आत काय निघेल ते माहीत नसलेली पेटी. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं आणि मोठ्या कंपन्यांना तिथे त्यांची विक्री बंद करावी लागली. माझा एक विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री फोन हातात घेऊन बसला होता. विचारलं तर म्हणाला, सर खेळायची इच्छा नाहीये, पण आज तीन कामं पूर्ण केली नाहीत तर महिनाभराचं फुकट जाईल. याला मी खेळ म्हणत नाही. ही हजेरी झाली. आणि आमची हजेरी तरी सुट्टीत बंद असते.

आता सहमत कुठे. पहिल्या तासाला जे झोपलेले असतात त्यांना मी कधीमधी विचारतो. गेम हे उत्तर क्वचित येतं. मालिका, रील, मैत्रीतलं भांडण, नोकरी, आणि पुष्कळदा 'झोपच लागत नाही'. पण स्टाफरूममध्ये या सगळ्याला एकच नाव आहे: 'रात्रभर गेम खेळतात'. एकदा हे म्हटलं की पुढे काही विचारायची गरज उरत नाही, ही त्यातली सोय.

---

पिंगळा

सर, रचनेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्यात त्याला 'डेली' म्हणतात, आणि 'डेली उरकून येतो' हे वाक्य दात घासण्याच्या सुरात म्हटलं जातं. मी असे गेम टाळतो ते थोर म्हणून नाही, मला ते कंटाळवाणे वाटतात म्हणून.

---

हिशेबनीस

धाक किती चालतो याचेही दाखले आहेत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा केला: १६ वर्षांखालच्यांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद. मोबाईलवरचे गेम त्यातून बाहेर होते. पुढे पोरं मोबाईलवर खेळायला लागली आणि २०२२ सुरू होताना कायदा गेला. चीनने २०२१ मध्ये उलट आणखी आवळलं: १८ वर्षांखालच्यांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशी, रात्री ८ ते ९.

गेमच्या बाजूनेही एक. फोल्डइट नावाचा खेळ २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाने आणला. त्यात प्रथिनाची घडी जुळवायची असते. माकडांमध्ये एड्ससारखा रोग करणाऱ्या एका विषाणूच्या प्रथिनाची रचना संशोधकांना दहाहून जास्त वर्षं सुटत नव्हती. २०११ मध्ये खेळाडूंनी तीन आठवड्यांच्या आत असा नमुना बनवला की त्यावरून ती सुटली. शोधनिबंधात खेळाडूंच्या गटांची नावं लेखक म्हणून आहेत.

---

पिंगळा

फोल्डइटचा दाखला भारी आहे, पण माझी एक कुरकुर आहे. आम्हाला दरवेळी असा दाखला का लागतो? कुणी गाणं ऐकत बसला तर त्याने कुठला विषाणू सोडवला हे विचारत नाहीत. 'गेमने हात आणि डोळ्यांचा ताळमेळ सुधारतो' हे तर मी स्वतः घरी वापरून झालंय, आणि ते म्हणताना मलाच कसंतरी होतं. मजा येते म्हणून खेळतो. अभ्यास झालाय, कपडे धुतलेत, घरी फोन झालाय. यापुढे माझा तास-दीड तास उपयोगी पडलाच पाहिजे अशी सक्ती का?

---

केवडा

+१. मोजून शंभर वेळा +१.

---

शांतपणे

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट इथे यायला हवी. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

मॅट्सला जन्मापासून ड्युशेन हा स्नायूंचा आजार होता. हळूहळू शरीर साथ सोडत गेलं आणि शेवटची बरीच वर्षं तो आपल्या खोलीत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळण्यात घालवायचा. आईवडिलांना सगळ्यात मोठं दुःख हे होतं की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं, यातलं काहीच मिळालं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तो वयाच्या २५व्या वर्षी गेला. तो ब्लॉग लिहायचा. वडिलांनी त्या ब्लॉगवर त्याच्या निधनाची बातमी टाकली आणि खाली आपला ईमेल दिला.

आणि ईमेल यायला लागले. वेगवेगळ्या देशांतून, त्यांनी कधी नावही न ऐकलेल्या माणसांचे. खेळात तो इबेलिन नावाने वावरायचा, त्याचा स्टारलाइट नावाचा एक गट होता. कुणी लिहिलं की त्याने रात्र रात्र माझं ऐकून घेतलं, कुणी लिहिलं की त्याच्यामुळे माझं आणि माझ्या मुलाचं बोलणं पुन्हा सुरू झालं. अंत्यसंस्काराला त्या गटातली काही माणसं दुसऱ्या देशांतून आली होती.

मला यात सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की ते आईवडील काही दुर्लक्ष करणारे नव्हते. जीव ओतून त्याचं सगळं करत होते. तो स्क्रीनसमोर बसलाय हे त्यांना रोज दिसत होतं. स्क्रीनवर काय चाललंय हे विचारायचं असतं, असं मात्र त्या काळी कुणाच्याच मनात येत नव्हतं.

---

तिरकस

हे माहीत नव्हतं. वाचून गप्प बसलो.

---

उशिराची_गाडी

धाग्याच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहितो. 'ज्याची घसरगुंडी चालू आहे तो कुणालाच सांगत नाही' हा जो आहे ना, तो मी.

दुसऱ्या वर्षी एका विषयात अडकलो. वर्गात गेलं की काही कळायचं नाही, मग जाणं कमी झालं, मग कळणं आणखी कमी. गेममध्ये मात्र काय करायचं ते लख्ख दिसायचं. इतके गुण मिळवले की पुढची पायरी, पट्टी भरत जाताना दिसते, उद्या पुन्हा तिथूनच सुरू. अभ्यासाची पट्टी कुठे दिसते? हळूहळू झोपेची वेळ सरकत सकाळी पाचवर गेली. परीक्षेच्या अर्जाची मुदत संपली ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी उठल्यावर कळलं.

घरी सांगणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे गेमवरून इतकं ऐकून झालं होतं की तोंड उघडलं असतं तर कॉम्प्युटर उचलून ठेवला गेला असता आणि त्या विषयाबद्दल कुणी एक शब्द विचारला नसता. खेळणाऱ्या मित्रांना एकदा म्हटलं की जरा जास्त होतंय. ते म्हणाले, 'चिल, आमचंही होतं'. त्यांचा दोष नाही. बाहेर दिवसभर व्यसनी म्हणून ऐकून घेणारी पोरं स्वतःच्यातल्या कुणाला व्यसनी कशाला म्हणतील?

लक्षात आलं ते आमच्या टीममधल्या एकाला. तो वयाने मोठा, नोकरी करणारा, आवाजापलीकडे कधी भेटलेला नाही. त्याने एका रात्री मॅच संपल्यावर विचारलं, 'तू मंगळवारीही होतास आणि बुधवारी सकाळीही होतास. कॉलेज बदललं का?' तेवढंच. टोमणा नव्हता, म्हणून मी खरं बोललो. त्यानेच कॉलेजच्या समुपदेशकांकडे जायला लावलं. त्यांनी गेमबद्दल जेमतेम दोन प्रश्न विचारले, बाकी सगळं त्या विषयाबद्दल आणि झोपेबद्दल. मॅच किती वाजता लावायच्या बंद करायच्या हे ठरलं, आणि त्या विषयासाठी वर्गातली एक मैत्रीण रोज अर्धा तास देते, ते खरं औषध.

खेळतो अजूनही. काहींना ते खटकतं, त्यांना वाटतं पूर्ण सोडायला हवं होतं. कुणाला तसं करावंही लागत असेल.

---

खडूफळा

@उशिराची_गाडी, 'गेमबद्दल जेमतेम दोन प्रश्न' हे आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवणार आहे. परवानगी आहे असं धरतो.

---

उशिराची_गाडी

सर, नाव कुठे लिहिलंय मी. खुशाल दाखवा.

---

शून्यमनस्क

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

मधली_आई

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. काल त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. आधी दचकला. मग स्कोअर विचारला तर ८-१० सांगितला आणि आपणहून समजावायला लागला की आता पैसे साठवायची फेरी आहे. निम्मं कळलं नाही. त्यांच्या टीममध्ये एक मुलगा फार कमी बोलतो, हळूच टाइप करतो. केवडा, मला उगाच तुझी आठवण झाली.

हिशेबनीसांनी दिलेल्या तीन गोष्टींत तो सध्या बसत नाही असं मला वाटतं. पोहायला जातो, मित्र घरी येतात, शाळेचं ठीक आहे. झोपेवर लक्ष ठेवीन.

पण ते किंचाळणं? त्याला काय करू? टीममधलं कुणीच इतकं ओरडत नाही, मी ऐकलं.

---

पिंगळा

ताई, हे सोपं निघेल. बंद हेडफोन लावले की स्वतःचा आवाज स्वतःला नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत आवाज चढवतो. बऱ्याच हेडसेटमध्ये 'साइडटोन' किंवा 'माइक मॉनिटरिंग' नावाची सोय असते. ती चालू केली की आपण बोललेलं आपल्याच कानात येतं आणि आवाज आपोआप खाली येतो. हेडसेटच्या ॲपमध्ये किंवा आवाजाच्या सेटिंगमध्ये शोधा. नसेल तर एक कान उघडा ठेवायला सांगा.

---

केवडा

हे मला आजवर का नाही कुणी सांगितलं? भावासाठी लगेच शोधते.

---

मधली_आई

सापडलं. किंचाळणं बंद झालंय. आता तो सावकाश, स्वच्छ बोलतो आणि प्रत्येक शब्द बाहेरच्या खोलीत कळतो. त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ विचारायचा होता, पण ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पिंगळा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.